हिरवळीखालून गेलेला नळ

तारीख १२ एप्रिल १९६६, मंगळवार. रक्कम रुपये पंचवीस, दंडाची, अद्याप वसूल न झालेली. हजर इसम : घरमालकीण सुशीलाबाई तायडे, प्राथमिक शिक्षिका, त्यांचे वडील गोविंदराव वानखडे, शेजारी व तक्रारदार बापूसाहेब, वकील, आणि मी, नळखात्याचा निरीक्षक. ठिकाण अमरावती, रेल्वे स्टेशनामागची नवी वसाहत.

आमच्या खात्यातला पंचनामा असाच सुरू होतो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा मला दुसरी सुरुवात सुचली नाही. सुचली असती तरी तिच्यावर माझा विश्वास बसला नसता. हजर कोण होतं आणि रक्कम किती होती हे आधी सांगितलं, की पुढचं सांगणाऱ्याला फार लांब भटकता येत नाही.

माझं गाव अकोल्याच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पिण्याचं पाणी नदीतल्या झिऱ्यावरून यायचं. घरी पाहुणा आला की माझी आई विचारायची, "गोडं देऊ की साधं?" शहाणा पाहुणा "साधं" म्हणून हातपाय धुवायचा आणि गोडं पाणी दोन घोटच मागायचा. असल्या घरातला मुलगा नळखात्यात गेला तर तो मीटरचा आकडा जरा जास्तच मनावर घेणार. आधी अकोल्याला आणि मग अमरावतीला लोक मला 'मीटरसाहेब' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी मोजलं नाही.

काम बाहेरून दिसतं तितकं कंटाळवाणं नाही. रस्त्याखालून मुख्य नळ जातो. त्यातून प्रत्येक घराला एक बारीक पाइप फुटतो आणि तो घरातल्या मीटरला येऊन मिळतो. मीटरच्या पुढे जे पाणी जाईल त्याचे पैसे. मीटरच्या अलीकडे कोणी चोरून जोड घेतला, तर त्याचा आकडा कुठेच उमटत नाही. तो शोधायला आमच्याकडे एक लोखंडी सळई असते. तिचं एक टोक जमिनीत पाइपावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. पाणी वाहत असेल तर आवाज येतो. गळतीचा आवाज वेगळा, चालू तोटीचा वेगळा. हे कानाला यायला दोन वर्षं जातात आणि तोवर रस्त्यावरची पोरं हसत असतात.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. अकोल्यात एका मिठाईवाल्याला कोणीतरी सांगितलं, की मीटर उलटं बसवलं तर काटा मागे फिरतो. त्यानं महिन्यातले काही दिवस ते उलटं बसवलं, पण हिशेब चुकला. मी वाचायला गेलो तर आकडा मागच्या महिन्यापेक्षाही कमी. म्हणजे त्या महिन्यात त्यानं आम्हालाच पाणी विकलं होतं. मी त्याला विचारलं, "शेठ, बिल आम्ही भरायचं काय?" तो जिलबी तळता तळता म्हणाला, "जे रीतीनं निघत असन ते द्या." दुसरे एक निवृत्त मामलेदार. मीटर रात्री आपोआप फिरतं, अशी त्यांची तक्रार. सळई लावली तर त्यांच्याच पाइपाला भेग निघाली आणि भेगेच्या बरोबर वर त्यांचा सोनचाफा बहरलेला. भेग बुजवू का म्हटलं, तर झाडाकडे बघत ते म्हणाले, "बिल पाठवा."

तर, तायडेबाईंचं प्रकरण.

आदल्या साली पाऊस कमी झाला होता. मार्चातच तळ्याचं पाणी खाली गेलं आणि नळ दिवसाआड सुरू झाला. बागेला रबरी नळीनं पाणी घालायला मनाई झाली. मोडली तर पंचवीस रुपये दंड. चोरीचा जोड सापडला तर दंड आणि नळ कायमचा बंद. लोकांनी कुरकुर केली, पण पाळलं. बापूसाहेबांनीही पाळलं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांच्या बंगल्यापुढे मोठी हिरवळ होती. बी बंगलोरहून मागवलेलं, गवत गालिच्यासारखं बारीक. दोन्ही वेळा नळीनं पाणी. मनाई झाल्या दिवशी त्यांनी नळी गुंडाळून माळ्यावर टाकली. एप्रिल उजाडेतो हिरवळ पोत्याच्या रंगाची झाली. ते रोज सकाळी चहा घेऊन व्हरांड्यात बसत आणि ती मरताना पाहत.

आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे तायडेबाईंच्या अंगणात हिरवं गवत.

बापूसाहेबांची तक्रार आली तेव्हा मी आधी आकडे काढले. बाईंची हिरवळ चोवीस फूट बाय सोळा. तिच्यावर एक इंच पाणी घालायचं म्हणजे दोनशे गॅलन. वऱ्हाडातल्या एप्रिलात आठवड्याला निदान तेवढं तरी हवं. घरात माणसं तीन : बाई, त्यांचे वडील आणि लग्नाची मुलगी कमल. बाईंचे यजमान धारणीला जंगलखात्यात कारकून. बस मिळाली तर महिन्यातून दोनदा घरी. मीटर रोजचे पंचेचाळीस गॅलन दाखवत होतं. तीन माणसांच्या आंघोळी, स्वयंपाक, धुणीभांडी यांतच ते संपायला हवेत. गवताच्या वाट्याला शून्य. शून्य पाण्यावर गवत हिरवं राहत नाही. म्हणजे पाणी मीटरच्या अलीकडून येतं.

हिशेब बरोबर होता. तो घेऊनच मी बारा तारखेला गेलो.

बापूसाहेब आधीच येऊन उभे होते. म्हणाले, "मी काही बोलत नाही. तुमचं मीटर बोलतंय, तेवढं ऐका."

बाईंचे वडील हिरवळीच्या कडेला उकिडवे बसून खुरप्यानं जमिनीतली भेग बुजवत होते. सगळे त्यांना आबा म्हणत. सत्तरीचे असतील. त्यांनी मान वर केली नाही.

"काहून हो साहेब, थांबून काहून राहिले? लिहा ना चोरी."

"आबा," बाई म्हणाल्या.

"काय आबा? वकीलसाहेबाच्या आंगनात गवत असलं तं शोभा. आपल्या आंगनात असलं तं चोरी."

बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. "आबा, मी तुमच्या जातीवर गेलो नाही. पाण्यावर बोलतोय."

"मी बी पान्यावरच बोलून राहिलो, जी."

मी नियम सांगितला. मुख्य नळापासून मीटरपर्यंतचा पाइप उकरून पाहायचा. चोरीचा जोड असेल तर दिसेल, नसेल तर तक्रार फेटाळली. दोन मजुरांचं एका दिवसाचं काम.

"उकरा म्हणजे कुठून कुठवर?" बाईंनी विचारलं.

मी फाटकापासून व्हरांड्यापर्यंत बोट फिरवलं. पाइप हिरवळीच्या बरोबर मधून गेला होता.

बाई काही क्षण त्या रेघेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चार मेला वैशाखी पौर्णिमा. त्या दिवशी कमलचं लग्न आहे. इथंच, या गवतावर."

"लग्न काय, व्हरांड्यातही होतं," बापूसाहेब म्हणाले. ते वाईट मनानं म्हणाले नाहीत.

आबांनी खुरपं खाली ठेवलं. "साहेब, शेंदूरजन्याले एका संत्रेवाल्याच्या बागेत मी वीस वर्सं होतो. त्याच्या बंगल्यासमोर असंच गवत. उन्हाळ्यात संध्याकाळी पाव्हने येत, खुर्च्या टाकत, सरबत पेत. पानी देनारा मी. पानी देल्लं का कुंपनाबाहेर जाऊन उभा राहाचा. या पोरीच्या लग्नात मांडव टाकला तं पंगत फुफाट्यात बसली. वारा आला, सारं वरन मातीचं झालं. तवाच म्हनलं, नातीच्या लग्नात मानसं गवतावर बसतीन. आता तुमी मधातून नाली खंदता म्हनता. खंदा."

त्या वेळी माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या : नियम, आणि लग्नाला उरलेले तीन आठवडे. बाईंनी तिसरी काढली.

"खणण्याऐवजी रस्त्यावरूनच बंद करता येतो ना नळ? मुख्य नळापाशी?"

"येतो. चौकशीसाठी पंधरा दिवस सील करता येतो."

"मग करा. तिथं बंद झाला की जोड चोरीचा असो की खरा, पाण्याचा थेंब आत येणार नाही. आम्ही कोपऱ्यावरच्या सरकारी नळावरून घागरी आणू. पंधरा दिवसांत गवत मेलं, तर मी चोर. मग हवं तिथं खणा. लग्नाचीही काळजी करू नका."

"आणि जगलं तर?" बापूसाहेबांनी विचारलं.

"तर पंचनाम्यात तुमच्या सहीनं तसं लिहायचं."

वकील तो वकीलच. ते म्हणाले, "जगलं म्हणजे काय, हे आधी ठरवा. हिरवं दिसलं पाहिजे. पिवळं पडून मुळात जीव आहे, असलं चालायचं नाही."

"पंधराव्या दिवशी हिरवं दिसन," आबा म्हणाले. "मधात पिवळं पडलं तं तुमी बोंबलू नका, एवढंच."

मी फाटकाबाहेरच्या लोखंडी पेटीतली कळ फिरवली, तार ओवली आणि शिशाचं सील दाबलं. हिरवळीचे चार चौकोन होते, मध्ये विटेएवढे मातीचे बांध, शेतातल्या वाफ्यांसारखे. ते मी तेव्हा पाहिले, पण कशासाठी आहेत हे विचारलं नाही.

ते बाईंनीच दाखवलं. निघता निघता त्या म्हणाल्या, "शून्य पाणी म्हणालात ना तुम्ही? या."

मोरीच्या मागे जमिनीत एक हौद होता. चार फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल, वर फळ्या. आंघोळीचं, धुण्याचं, तांदूळ धुतल्याचं, भांडी विसळल्याचं, सगळं पाणी आधी कोळसा आणि रेती भरलेल्या पिंपातून जायचं आणि मग हौदात. कपडे रिठ्यानं धुवायचे, साबण आठवड्यातून एकदाच. हौदाला वास येत होता, खोटं कशाला सांगू? पण घरात आलेल्या पंचेचाळीस गॅलनांतले वीस-पंचवीस गॅलन रोज तिथं पोचत होते. आठवड्याचे दीडशेच्या वर. मी मनातल्या मनात चोवीसला सोळानं पुन्हा गुणलं. पाऊण इंच होत होतं. मीटरनं पाणी एकदा मोजलं होतं, मीही एकदाच मोजलं होतं. या घरात ते दोनदा वापरलं जात होतं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी विचारलं नाहीत. तुम्ही हिशेब घेऊन आलात."

वाचकांपैकी कोणाला घरापुढे हिरवळ ठेवायची असेल, त्यांच्यासाठी बाईंची रीत इथं लिहितो. गवत हरळीचं. आमच्याकडे हरळी म्हणजे शेतकऱ्याचा वैरी. कपाशीतून ती उपटता उपटता पिढ्या गेल्या. बाईंच्या गावाकडचे लोक अंगण पाहून म्हणत, "आमी जल्मभर जे खंदून फेकलं, ते तुमी पानी घालून लावून राहिले?" पण मरत नाही म्हणून जी शेतात नको, तीच मरत नाही म्हणून अंगणात हवी. तिला रोज वरवर शिंपडायचं नाही. शिंपडलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं आणि मुळं वरच राहायची शिकतात. आठ-दहा दिवसांनी एकदाच, उन्हं उतरल्यावर, एकेक वाफा भरून पाणी सोडायचं, म्हणजे ते वीतभर खाली जातं आणि मुळं त्याच्यामागे जातात. उन्हाळ्यात गवत कापायचं नाही, चार बोटं उंच ठेवायचं. त्याची सावली त्याच्याच बुडाला. आणि आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांतून ओल उडते. त्या रोज सकाळी रेती आणि कुजलेलं शेणखत भरून बुजवायच्या.

हे ज्ञान काही आकाशातून पडलं नव्हतं. पहिल्या वर्षी बापलेकींनी मिळून हिरवळ मारली होती. संत्र्याला बहार यावा म्हणून बागवान झाडाचं पाणी तोडतात, बुंध्याजवळची माती काढून मुळं उघडी करतात, झाड पानं गाळायला लागलं की भरपूर पाणी देतात. त्याला 'ताण देणे' म्हणतात. आबांनी तोच ताण हरळीला दिला. पाणी तोडलं, वर खुरपून मुळंही उघडी केली. गवत गेलं. "फुलं थोडीच आणायची होती त्याला," बाई हसून म्हणाल्या. "आबांना सवयीनं वाटलं, ताण दिला की काहीतरी फळ धरलंच पाहिजे." दुसऱ्या वर्षी बाईंनी शाळेच्या मुलांच्या पट्टीनं मुळं मोजली, मुळं झाकलेली ठेवून नुसतं पाणी लांबवत नेलं आणि आठ दिवसांवर आणलं. आबा म्हणायचे रीत माझी, बाई म्हणायच्या रीत माझी. मला दोघांचंही म्हणणं पटे.

पुढचे दिवस माझी फेरी कुठलीही असली तरी परतताना मी त्या गल्लीतून येऊ लागलो. कमल सरकारी नळाच्या रांगेत दिसायची. एकदा मला पाहून म्हणाली, "मीटरसाहेब, या घागरींनी डोक्यावरचे केस जातील. नवरदेवाला टकली बायको मिळाली तर तुमचं नाव सांगीन." मी सायकलवरून उतरून एक घागर तिच्या फाटकापर्यंत पोचवली. आत मात्र नेली नाही. चौकशीत माझ्या हातचं पाणी नको.

आबांनी हौदाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. घरातलं वापरलेलं पाणी सगळं साठवायचं, हौद भरला की एकदमच द्यायचं. बाईंना भीती वाटत होती. पाचव्या-सहाव्या दिवसापासून गवताचा रंग उतरू लागला. टोकं तांबूस, मग पिवळी. यजमान धारणीहून आले, त्यांनी अंगण पाहिलं आणि म्हणाले, "गेलं तर गेलं. सतरंज्या भाड्यानं आणू." ते परत जाईपर्यंत आबा त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी एकदा बाईंना विचारलं, "थोडं थोडं द्यायला काय हरकत आहे?"

"थोडं दिलं तर मुळं पुन्हा वर येतात. आणि मग नुसतं पिवळं राहतं, ना मेलेलं ना जगलेलं." त्या बोलत होत्या धीरानं, पण त्यांचे हात पदराचं टोक पिळत होते.

भिंतीपलीकडे बापूसाहेबांचा चहा थंड होत असे. आधी त्यांना एक मरणारी हिरवळ पाहावी लागत होती, आता दोन.

नवव्या सकाळी मी गेलो तो आबा भिंतीलगतच्या वाफ्यात उभे राहून ओरडत होते. तो सगळा वाफा ओला होता. बाकीचे तीन कोरडे ठणठणीत.

"कोनं टाकलं हे पानी? ताण मोडला माहा!"

मी फाटकाकडे धावलो. सील तपासलं. तार शाबूत होती. पाणी आतून आलं नव्हतं. पण आलं तर होतं, आणि चौकशीच्या मधोमध. वर साहेबांना कळलं असतं तर ते एकच म्हणाले असते, चौकशी रद्द, खणा.

बापूसाहेब व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून भिंतीपाशी आले. अंगात बंडी, खांद्यावर पंचा. "मी टाकलं."

"काल रात्री सगळे निजल्यावर माळ्यावरून नळी काढली. पाहवेना मला. तुमचा राग असो, खटला असो, पण गवत काय कोणाचं वाईट करतं?"

आबांनी त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता शिवी येते. आली नाही. ते म्हणाले, "वकीलसाहेब, संत्र्याच्या ताणात अवकाळी पाऊस पडते ना, तवा मालक कपाळावर हात मारते. तसे तुमी आमचे अवकाळी पाऊस."

बाई पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. मग लगेच गंभीर होऊन माझ्याकडे वळल्या. "आता काय?"

"लिहावं लागेल."

"जे झालं ते लिहा. पण बांधही लिहा."

मग मला ते मातीचे बांध दिसले. पाणी भिंतीलगतच्या वाफ्यातच अडलं होतं. पलीकडच्या तिन्ही वाफ्यांत मी पहार घालून पाहिली. वीतभर खालपर्यंत माती कोरडी होती आणि अगदी तळाशी जराशी ओल. मी तिथंच पायरीवर बसून पंचनाम्याला पुरवणी जोडली : चौथा वाफा चौकशीतून वगळला आहे, उरलेल्या तीन वाफ्यांवर निकाल ठरेल, तक्रारदारास हे मान्य आहे. बापूसाहेबांनी सही केली. दुसरा कागद त्यांनी न मागता स्वतःच पुढे ओढला. मनाई असताना रबरी नळीनं पाणी घातल्याचा कबुलीजबाब. त्याच्याखाली सही जरा मोठी आली.

दोन दिवसांनी संध्याकाळी आबांनी हौदाच्या फळ्या काढल्या. हौद काठोकाठ भरला होता. बाई, कमल आणि ते, तिघांनी बादल्यांनी एकेक वाफा भरला. पाणी मातीत शिरताना बारीक चुरचुर आवाज येत होता. मी नळखात्यातला माणूस, तेवीस वर्षं पाण्याचे आवाज ऐकण्यात गेली, पण हा मला माहीत नव्हता. मी सळई सोबत आणली असती तर टेकवून ऐकला असता.

पंधराव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जमलो. पिवळ्या पातींच्या बुडातून पोपटी टोकं वर आली होती. दाट नव्हेत, पण हिरवीच. तिन्ही वाफ्यांत. गंमत म्हणजे बापूसाहेबांनी पाणी घातलेला चौथा वाफा सगळ्यांत विरळ दिसत होता. बापूसाहेब चष्मा काढून खाली वाकले, पुसून पुन्हा घातला आणि पुन्हा वाकले. मग म्हणाले, "निकाल तायडेबाईंच्या बाजूनं. लिहा."

मी लिहिलं : जोड चोरीचा नाही. वापरलेल्या पाण्यावर हिरवळ टिकते असे प्रत्यक्ष पाहिले. सील काढले. एवढ्या समाधानानं मी नोकरीत क्वचितच काही लिहिलं असेल.

वैशाखी पौर्णिमेपर्यंत हिरवळ पायाला मऊ लागेल इतकी झाली. शेंदूरजन्याहून, मोर्शीकडून, अकोल्याहून माणसं आली. एकानं सतरंजी पसरायला घेतली तेव्हा आबांनी ती त्याच्या हातातून काढून गुंडाळून ठेवली. पांढऱ्या लुगड्यातली कमल आणि पांढऱ्या कपड्यांतला मुलगा बुद्धमूर्तीसमोर उभे राहिले, वंदना झाली, आणि आमच्या घरच्या लग्नात मंगलाष्टकं जेवढा वेळ चालतात त्याहून कमी वेळात लग्न लागलंसुद्धा. लोक गवतावर मांडी घालून बसले होते. एक म्हातारी तर हातानं गवत कुरवाळत होती. तिनं आबांना विचारलं, "हे आपलंच हाये का रे गोविंदा?" आबा म्हणाले, "आपलंच हाये, बाई. बस."

बापूसाहेब फाटकापर्यंत आले आणि पायातल्या नव्या जोड्यांकडे पाहत घुटमळले. आबांनी हाक मारली, "काढा जोडे अन् या, वकीलसाहेब. हरळी हाये, चावत नाही." ते आले, बसले. उठताना त्यांच्या धोतराला मागे हिरवा डाग पडला होता, आणि तो तसाच ठेवून ते घरी गेले.

एक खंत मात्र राहिली. मी त्या हौदाची आणि वाफ्यांची माहिती, मापांसह, व्यवस्थित लिहून वर पाठवली होती. पत्रक काढून घरोघरी वाटावं, अशी विनंती केली होती. जुलैत तळं भरलं आणि पाण्याचा विषय संपला. लोकांनी माळ्यावरच्या नळ्या खाली काढल्या. तळं भरलेलं असताना पाणी वाचवायला सांगणारा माणूस वेडा दिसतो, हे मला मान्य आहे. तरी मी सांगत असतो.

नळीचा दंड रुपये पंचवीस बापूसाहेबांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन भरला. पावती मी दिली. पावसाळ्यात त्यांनी आपली बंगलोरची मेलेली हिरवळ उकरून काढली आणि तिथं हरळी लावायचं काम आबांना सांगितलं. माझ्या घरापुढेही दहा बाय बाराचा तुकडा होता, तो मीही सांगितला. आबांनी दोन्हीकडे हौद खणवला, वाफे पाडले, आणि बापूसाहेबांच्या वाळ्याच्या तट्ट्यांवरून उन्हाळ्यात दिवसभर ठिबकणारं पाणी हौदात यावं म्हणून पत्र्याची पन्हळ बसवली. काम झाल्यावर दर विचारला तेव्हा माझ्याकडून त्यांनी पंधरा रुपये घेतले आणि बापूसाहेबांकडून चाळीस.

"माझं अंगण मोठं आहे, मान्य," बापूसाहेब म्हणाले. "तरी हिशेबानं पस्तीस होतात. पाच कशाचे?"

"गवताले पानी कमी द्याची सवय लावाले मजुरी वेगळी नाही घेत मी," आबा म्हणाले. "मालकाले लावाची घेतो."

बापूसाहेबांनी चाळीस दिले.